ताटातील ऋण

नीतिशास्त्राच्या ग्रंथांत युद्धाचा, मालमत्तेचा, विवाहाचा विचार सविस्तर असतो. स्वयंपाकघराचा सहसा नसतो. भोजनाचा उल्लेख आलाच तर तो खादाडपणा या पातकाच्या निमित्ताने येतो किंवा उपवासाच्या नियमांत येतो. पाककृती लिहिणे, पदार्थांचा इतिहास सांगणे ही तर विरंगुळ्याची बाब समजली जाते. तिच्यात न्याय-अन्यायाचा काय प्रश्न असणार, असे कोणालाही वाटावे.

परंतु बारकाईने पाहिले तर प्रत्येक लिहिलेली पाककृती न बोलता तीन गोष्टी सांगत असते. हा पदार्थ अमक्यांचा आहे, ही पहिली. तो चारचौघांत सांगण्यायोग्य आहे, ही दुसरी. आणि तो सांगण्याचा अधिकार मला आहे, ही तिसरी. पदार्थ कोणाचा, योग्य कोणता आणि बोलावे कोणी, या तीन प्रश्नांची उत्तरे देताना माणूस खरे बोलतो की सोयीचे बोलतो, हा नीतीचाच प्रश्न आहे. या लेखात त्यांचा क्रमाने विचार करावयाचा आहे.

पिंपळे सौदागरसारख्या ठिकाणी राहणाऱ्याला हा विचार टाळता येत नाही. पवनेच्या काठचे हे शेतीवाडीचे गाव. पिंपरीत 1954 साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, पुढे वाहनांचे कारखाने आले, त्यानंतर हिंजवडीत संगणकाचे उद्योग आले आणि पाहता पाहता जेथे भाजीचे वाफे होते तेथे बारा-बारा मजल्यांच्या इमारती झाल्या. आमच्या धर्मग्रामातील कुटुंबे वसईची आहेत, गोव्याची, मंगळूरची, केरळची, तमिळनाडूची आहेत. बरीचशी तेव्हाच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून कामधंद्यासाठी आलेली आहेत. अलीकडे चाकणच्या कारखान्यांत कंत्राटी काम करणारी झारखंड-ओडिशाची आदिवासी तरुण मंडळीही रविवारच्या मिस्सेला दिसतात. नाताळच्या दिवसांत एकाच जिन्याने वर चढताना पहिल्या मजल्यावर नेवऱ्या तळल्याचा वास येतो, दुसऱ्यावर अप्पमचे पीठ आंबत असते आणि तिसऱ्यावर खोली भाड्याने घेतलेली चार झारखंडी मुले तांदळाच्या पिठाचा आणि गुळाचा ‘अरसा’ करीत असतात. तो चाखणाऱ्या नगरच्या गृहिणीला आपला अनारसा आठवल्यावाचून राहत नाही.

पहिला प्रश्न घेऊ : पदार्थ कोणाचा?

‘आमचे पारंपरिक अन्न’ हे शब्द आपण फार सहज वापरतो. मराठी घरातील एकादशीचे ताट पाहा. त्याहून अधिक परंपरेचे, अधिक सोवळ्याचे ताट शोधूनही सापडणार नाही. साबुदाण्याची खिचडी, तीत शेंगदाण्याचा कूट, बटाट्याच्या फोडी, हिरवी मिरची. आता या चौघांचे मूळ गाव विचारा. आपल्याकडचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेचा. भुईमूग तेथलाच. बटाटा त्याच खंडातील डोंगराळ मुलखाचा. मिरचीही अमेरिकेतली. वास्को द गामा 1498 साली कालिकतला उतरला आणि 1510 साली अल्बुकर्कने गोवे घेतले, त्यानंतरच्या काळात ही मंडळी समुद्रमार्गे आपल्याकडे आली. त्यापूर्वी आपल्या जेवणाला तिखटपणा होता तो मिऱ्याचा, पिंपळीचा आणि आल्याचा. ज्ञानेश्वरांच्या काळच्या स्वयंपाकघरात मिरची नव्हती, बटाटा नव्हता, शेंगदाणा नव्हता. ज्या जहाजांतून आमच्या पूर्वजांच्या कानावर ख्रिस्ताचे नाव आणणारे धर्मगुरू आले, त्याच जहाजांच्या वाटेने एकादशीचा फराळही आला. बटाटा, पाव, काजू, पपई, अननस, कोबी हे शब्दसुद्धा पोर्तुगिजांच्या तोंडून मराठीत उतरले.

हे सांगण्यात कोणाच्या व्रताची थट्टा करण्याचा हेतू नाही. व्रताची पवित्रता करणाऱ्याच्या अंतःकरणातून येते. कंदाच्या जन्मदाखल्याशी तिचा संबंध नाही. मुद्दा एवढाच की, जे अन्न आपण सर्वांत ‘आपले’ म्हणतो तेही कोणाकडून तरी मिळालेले असते. अँडीज पर्वतातील ज्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून बटाटा खाण्याजोगा केला, त्यांचे नाव आपल्या कोणत्याही पुस्तकात नाही. त्यांच्यावर युरोपीय सत्ताधाऱ्यांनी केलेले अत्याचारही त्या बटाट्याच्या इतिहासात येतात. अन्नाचा इतिहास लिहिणाराने ‘हे मूळचे आमचेच’ असा अभिमान सांगण्यापेक्षा ‘हे आम्हांला मिळाले’ असे म्हणणे अधिक सत्य आहे.

संत थॉमस अक्वायनसने न्यायाचा विचार करताना एका वेगळ्या सद्‌गुणाची नोंद केली आहे. ज्याचे त्याला देणे म्हणजे न्याय. पण काही ऋणे अशी असतात की ती पूर्ण फेडताच येत नाहीत, उदाहरणार्थ आईबापांचे आणि मातृभूमीचे. अशा ऋणाच्या बाबतीत माणसाने आदर आणि स्मरण ठेवावे, यालाच तो एक स्वतंत्र सद्‌गुण मानतो. मराठी मनाला हा विचार परका वाटू नये, कारण ‘ऋण’ हा शब्द आपण आईबापांच्या आणि गुरूंच्या संदर्भात याच अर्थाने वापरतो. पाककृती ही अशीच एक न फिटणारी उधारी आहे. तिच्यावर मालकी सांगता येत नाही; ती कोणाची आठवण आहे एवढे मात्र सांगता येते, आणि सांगावे लागते.

आता दुसरा प्रश्न : सांगण्यायोग्य, शुद्ध, चांगले अन्न कोणते?

येथे आपल्या प्रदेशाचा इतिहास सुखाचा नाही. वसईचा मुलूख 1534 पासून 1739 पर्यंत पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. त्या काळाविषयी महाराष्ट्रात सर्वत्र सांगितली जाणारी कथा वाचकांना ठाऊक आहे : विहिरीत पाव टाकला, ते पाणी लोक प्याले आणि गाव बाटले. ही कथा घडलेली असो वा रचलेली, तिच्यातील गृहीतक विचार करण्यासारखे आहे. माणसाची श्रद्धा त्याच्या बुद्धीत किंवा हृदयात नसून त्याच्या घशात आहे, असे ते गृहीतक आहे. पाव टाकणाऱ्याने ते मानले असेल, तर पाणी प्यालेल्यांना परत घरात न घेणाऱ्यांनीही तेच मानले. एकाने लोटले आणि दुसऱ्याने दार लावून घेतले. मध्ये उभी राहिली ती तहानलेली माणसे.

आपल्या ख्रिस्तसभेच्या नावाने झालेले कृत्यही येथे लपवून चालणार नाही. गोव्यातील इन्क्विझिशन या धर्मन्यायसभेने 1736 साली काढलेल्या फर्मानात नवख्रिस्ती कुटुंबांच्या घरगुती चालीरीतींवर बारीकसारीक बंदी घातली होती. हिंदूंप्रमाणे भात मिठावाचून शिजवू नये, असेही त्यात एक कलम होते. अनंत काकबा प्रियोळकरांनी 1961 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हा सर्व तपशील दिला आहे. एखादी बाई भाताच्या पातेल्यात मीठ केव्हा घालते यावरून तिची श्रद्धा जोखली जावी, ही गोष्ट वाचताना ख्रिस्ती माणसाची मान खाली गेली पाहिजे.

आणि या बाजूला पुणे घ्या. 1890 साली पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झाले. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशींचे पती, यांच्या खटपटीने शहरातील मान्यवर तेथे जमले होते. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते आणि लोकमान्य टिळकही होते. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी चहा घेतला, कोणी संकोचाने पेल्याला नुसता हात लावला. पुढे उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापली गेली, शहरात गहजब झाला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताचा वाद दोन वर्षे चालला. अखेर 1892 साली रानड्यांनी मित्रांच्या आग्रहास्तव प्रायश्चित्त घेतले. सुधारकांनी त्यांना तेव्हा दुबळे ठरविले. आज मात्र वाटते की, या प्रसंगात दोन निरनिराळे प्रश्न एकत्र आले होते. चहाने माणूस बाटतो काय, हा एक. आणि मी न बाटता माझ्या स्नेह्यांची कुचंबणा होत असेल तर मी किती ताणावे, हा दुसरा.

पहिल्या शतकातील ख्रिस्ती मंडळीसमोर हेच दोन प्रश्न होते. याफो येथे पेत्राला दृष्टान्त झाला. आकाशातून उतरलेल्या चादरीत सर्व प्रकारचे प्राणी होते आणि देवाने शुद्ध केलेल्या गोष्टीस अशुद्ध म्हणू नये, हा बोध त्याला मिळाला. पण त्या दृष्टान्ताचे खरे फळ आहारात दिसले नाही, ते कर्नेल्य या परक्या माणसाच्या उंबरठ्यावर दिसले. पेत्र त्याच्या घरात शिरला. प्रश्न अन्नाचा वाटत होता, तो माणसाचा निघाला. पुढे हाच पेत्र अंत्युखियात आपल्या लोकांच्या भीतीने परकीयांच्या पंक्तीतून उठून बाजूला झाला, तेव्हा पौलाने त्याला सर्वांदेखत अडविले. आणि त्याच पौलाने करिंथकरांना असेही बजावले की, मूर्तीपुढे ठेवलेले मांस खाण्याने तुमचे काही बिघडत नसले, तरी त्यामुळे दुबळ्या बंधूचे मन ठेचाळणार असेल तर ते सोडून द्यावे. ज्याने पंक्तिभेदाविरुद्ध आवाज उठविला, त्यानेच स्वातंत्र्याला प्रेमाची वेसण घातली. पंक्ती मोडणाऱ्यापुढे पौल ताठ उभा राहतो. साशंक बंधूपुढे तो आपला घास बाजूला ठेवतो.

आजच्या पिंपरी-चिंचवडमध्ये हा भेद उपयोगी पडतो. घर भाड्याने देताना ‘फक्त शाकाहारी कुटुंबास’ अशी अट घालणारे मालक आहेत. बोंबील तळताना खिडक्या लावून घेणारी, मुलाच्या डब्यात सुकट देण्यास धजत नसलेली आई आमच्या धर्मग्रामात आहे. तिच्यावर अन्याय होतो, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. परंतु आमच्याच लग्नाच्या जेवणावळीत जैन किंवा माळकरी शेजाऱ्यासाठी एका कोपऱ्यात, कोणी न पाहणारे, गार झालेले पनीर ठेवलेले असते, तेव्हा आम्ही त्याला आमंत्रण दिले खरे. पंक्तीला बसविले असे म्हणवत नाही.

‘चांगले अन्न कोणते’ हे ठरविण्यात पुस्तकांचाही मोठा वाटा असतो. मराठीत रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ 1875 साली निघाले. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र’ 1910 साली आले. त्यात एक हजार पाकक्रिया होत्या. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ 1970 साली आली आणि तिने वाटी-चमच्याच्या मापाने नव्या संसारांना स्वयंपाक शिकविला. परगावी नोकरीला गेलेल्या कित्येक मुलींना ती आईच्या जागी होती. या पुस्तकांचे उपकार कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांचीच चूल ‘मराठी चूल’ ठरली, हेही खरे आहे. शाहू पाटोळे यांनी 2015 साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक लिहून मराठवाड्यातील दलित घरांतले अन्न प्रथमच विस्ताराने नोंदविले : चान्या, वजडी, रक्ती, येसूर आणि रानातला पाला. या पदार्थांकडे पाहून नाक मुरडणाराने बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ आठवावा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या या संस्कृत ग्रंथात राजाच्या भोजनासाठी भरलेल्या आतड्यांचे प्रकार आहेत आणि शेतातले उंदीर तळण्याची रीतही आहे. म्हणजे पदार्थ राजाच्या ताटात असला की तो शास्त्र होतो आणि गावकुसाबाहेरच्या मडक्यात असला की ओंगळ होतो. दोष आतड्यात कधीच नव्हता.

येथून तिसरा आणि सर्वांत अवघड प्रश्न सुरू होतो : सांगावे कोणी, आणि सांगितलेच पाहिजे काय?

काही वर्षांपूर्वी आमच्या महिला मंडळाने धर्मग्रामातील पाककृतींची एक पुस्तिका काढावयाचे ठरविले. वसईकर भगिनींनी बॉटल मसाला व फुगे लिहून दिले, गोवेकरांनी बेबिंक, मंगळूरच्या कुटुंबांनी नाताळचा कुस्वार. राहुरीकडच्या एका वृद्ध बाईंना मी तीनदा विचारले. त्या शेवटी म्हणाल्या, “आमच्यात लिहिण्यासारखं काय व्हतं, फादर? बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायाचो. कामावर सुकडी मिळायची, ती पोरांला घालायची. मिलोची लाल भाकर थापाया घेतली का तडकायची. हे का पुस्तकात घालत्यात?” मी म्हणालो की, घालावे. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “हुलग्याचं माडगं लिवा. बाकीचं माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या.”

त्यांच्या या उत्तरात माझ्या अनेक वर्षांच्या वाचनापेक्षा अधिक विवेक आहे असे मला वाटते. ज्यांची चूल कधी लिहिली गेली नाही त्यांची चूल लिहिली जावी, ही न्यायाची मागणी आहे. परंतु ते अन्न पुष्कळदा निवडीने आलेले नव्हते. उपासमारीने, पाटलाच्या वाड्यावरून मिळालेल्या उष्ट्याने, मेलेले जनावर ओढण्याच्या सक्तीने ते पदरी आले होते. कल्पकतेने त्यालाही चव आणणाऱ्या बायांना वंदन करावे. पण जिने ते खाल्ले तिला त्याची चव आणि त्याचा अपमान वेगळे काढता येत नाहीत. आज मोठ्या हॉटेलांत ‘गावरान’, ‘चुलीवरचे’ असे फलक लावून हेच पदार्थ चढ्या भावाने विकले जातात. माडगे सुपाच्या वाटीत येते. भूक वजा करून भुकेचे अन्न विकणे हे एक प्रकारचे असत्य आहे, कारण त्या पदार्थातील सर्वांत मोठा घटकच वगळलेला असतो.

यावर कोणी म्हणेल, मग हे लिहूच नये. जखमेची खपली कशाला काढावी? हा आक्षेप सहृदय आहे, पण पुरता पटण्यासारखा नाही. न लिहिल्याने अपमान नाहीसा होत नाही, तो फक्त मूक होतो. आणि नातवंडांना आपल्या आजीच्या शहाणपणाची ओळख होत नाही. पाथरी, घोळ, कुर्डू, तरोटा या रानभाज्यांतली कोणती कोणत्या नक्षत्रात कोवळी असते हे ज्ञान भुकेने शिकविले असले तरी ते ज्ञानच आहे. म्हणून मला वाटते, लिहावे. परंतु काय उघडावे आणि काय झाकून ठेवावे याचा निर्णय ज्याची आठवण आहे त्याचा असावा. कबुलीसंस्काराची शिस्त धर्मगुरूला हेच शिकविते की, प्रत्येक सत्य बोलण्यास योग्य असले तरी ते बोलण्याचा अधिकार प्रत्येकाला नसतो. ‘बाकीचं माझ्यापाशी राहू द्या’ असे म्हणणाऱ्या माणसापुढे लेखकाने पेन खाली ठेवावे. त्या बाईंच्या माडग्याच्या कृतीत दोन ओळी मीठ-लसणाच्या आहेत आणि एक ओळ 1972 सालची आहे. तेवढे पुरेसे आहे.

आणखी एका मूक लेखिकेचा विचार करून थांबतो. आपल्या इमारतींत सकाळी सहा वाजता स्वयंपाकाच्या बाई येतात. एका घरी पोळ्या, दुसऱ्या घरी इडली-सांबार, तिसऱ्या घरी माशाची आमटी करून त्या दुपारी आपल्या चाळीत परततात, तेव्हा त्यांच्या घरी सकाळची शिळी भाकरी असते. चार प्रांतांची चव त्यांच्या हातात आली आहे. पाहुणे जेवून तृप्त झाले की यजमानीण म्हणते, ‘आमच्याकडे अशीच करतात.’ या वाक्यातील ‘करतात’ या क्रियापदाला कर्ता नाही. व्याकरणात हे चालते. नीतीत चालू नये.

पवित्र मिस्सेत आपण जी भाकर वेदीवर आणतो तीही कोणाच्या तरी शेतातील गव्हाची आणि कोणाच्या तरी कष्टाची असते. प्रभूने आपल्या स्मरणासाठी शब्दांबरोबर एक जेवण मागे ठेवले, आणि ते करताना आधी आभार मानले. घेणे, आभार मानणे, मोडणे, वाटणे हा त्याचा क्रम होता. अन्नाविषयी लिहिणाऱ्यालाही हा क्रम पुरेसा आहे. जे मिळाले ते मिळाले म्हणून सांगावे. ज्याच्याकडून मिळाले त्याचे, त्याची संमती असेल तर, नाव घ्यावे. आणि पदार्थ वाटताना त्या माणसाला दाराबाहेर ठेवू नये.

अनेक धर्मग्रामांत आता रौप्य आणि सुवर्णमहोत्सवांच्या निमित्ताने पाककृतींच्या पुस्तिका निघत आहेत. त्यांच्या संपादक भगिनींना एक सुचवावेसे वाटते. साहित्य आणि कृती यांच्याखाली आणखी एक ओळ ठेवावी : ‘हे मला कोणी शिकविले.’ त्या ओळीत कोठे आईचे नाव येईल, कोठे परजातीतल्या शेजारणीचे, कोठे स्वयंपाकाच्या बाईंचे. काही ठिकाणी ती ओळ रिकामीही राहील. ती तशीच छापावी.